वर्गाचा ब्लॉग: मुलांच्या लेखनाला खरे वाचक मिळवून देण्यासाठी

मराठी शाळांना ब्लॉग नवा नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी स्वतःच्या हिमतीवर ब्लॉग उभे केले आहेत. शासन निर्णय, चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, पोषण आहाराचे तक्ते, वर्णनात्मक नोंदींचे नमुने हे सगळं तिथे एका जागी मिळतं आणि त्यामुळे अनेकांचं काम हलकं झालं आहे. पण या ब्लॉगांवर लिहितात शिक्षक आणि वाचतातही शिक्षकच. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या ब्लॉगबद्दल आहे. त्यावर मुलं लिहितात आणि शिक्षक फक्त दार सांभाळतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे आधी स्पष्ट असावं. वहीतला निबंध एकच माणूस वाचतो, तोही लाल पेन हातात घेऊन. ‘माझा आवडता ऋतू’ या विषयात मुलाला काय सांगायचंय याची खरी उत्सुकता त्या वाचकाला नसते आणि मुलाला ते कळत असतं. म्हणून पाठ केलेली वाक्यं येतात. पण न पाहिलेल्या गावातलं कुणी आपलं लेखन वाचणार आहे, वाचून काही विचारणार आहे असं कळलं, की तेच मूल थांबून विचार करतं: हे त्याला समजेल का? ब्लॉगचा सगळा उपयोग या एका प्रश्नात आहे.

ही कल्पना इंटरनेटच्या खूप आधीची. फ्रान्समधल्या बार-सुर-लू या खेड्यातले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपले अनुभव स्वतः खिळे जुळवून छापायची आणि ती पानं दूर ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला पाठवायची. तिकडूनही पानं यायची. आपल्याकडच्या शाळांतली हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं याच वाटेवरची. फरक एवढाच, की भित्तिपत्रकाला बाहेरचा वाचक क्वचित मिळतो आणि उत्तर तर त्याहून क्वचित येतं.

आधी परवानग्या

हे काम कंटाळवाणं आहे, तरी ते पहिलं करा. मुख्याध्यापकांशी बोला, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा आणि इतिवृत्तात त्याची नोंद होऊ द्या. मग पालकांकडे जा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी ही संमती घ्यायलाच हवी होती, कारण लेखन मुलाचं आहे आणि घर पालकांचं.

संमतिपत्र अर्ध्या पानाचं आणि सरळ भाषेत असावं. साधारण असं:

“आमच्या वर्गातली मुलं यंदा स्वतःचं लेखन आणि चित्रं वर्गाच्या ब्लॉगवर प्रसिद्ध करणार आहेत. ब्लॉगवर मुलाचं फक्त पहिलं नाव किंवा त्याने निवडलेलं टोपणनाव असेल. आडनाव, पत्ता, फोन नंबर किंवा चेहरा दिसेल असा फोटो असणार नाही. प्रत्येक लेख आणि प्रत्येक प्रतिक्रिया वर्गशिक्षकांनी वाचल्यावरच दिसेल. तुम्ही कधीही सांगितलंत, तर तुमच्या मुलाचा मजकूर काढून टाकू.”

खाली ‘लेखन चालेल’, ‘चित्र चालेल’ आणि ‘नको’ अशा तीन चौकटी आणि सहीची जागा. पत्र दप्तरातून पाठवण्यापेक्षा पालकसभेत वाचून दाखवलेलं चांगलं. वाचता न येणाऱ्या पालकांनाही मग प्रश्न विचारता येतात. ‘नको’ म्हणणाऱ्या पालकांना पटवत बसू नका. त्यांच्या मुलाचं लेखन वर्गातल्या भिंतीवर लागेल आणि बाकी सगळ्या कामात ते मूल बरोबरीने असेल.

परवानगीचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते स्कॉटलंडमध्ये २०१२ साली दिसलं. मार्था पेन ही नऊ वर्षांची मुलगी शाळेत मिळणाऱ्या जेवणावर ‘नेव्हरसेकंड्स’ नावाचा ब्लॉग लिहीत होती. ताटाचा फोटो आणि खाली ठरलेले रकाने: चवीला किती गुण, किती घास झाले, आरोग्याला कसं आणि जेवणात केस किती सापडले! जगभरातून वाचक आले. जूनमध्ये तिथल्या स्थानिक प्रशासनाने शाळेत फोटो काढायला बंदी घातली आणि लोक एवढे उसळले, की दुसऱ्याच दिवशी ती बंदी मागे घ्यावी लागली. पुढे या ब्लॉगमुळे मुलांना शाळेत जेवण पुरवणाऱ्या ‘मेरीज मील्स’ या संस्थेसाठी एक लाख पौंडांहून अधिक देणगी जमली. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. फोटो कशाचे काढायचे, कुणाला विचारून काढायचे, हे आधीच ठरलेलं असावं. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: ठरलेल्या रकान्यांमुळे लहान मूलही रोज लिहू शकतं. ‘काहीतरी लिहा’ असं सांगितलं तर ते अडून बसतं.

ब्लॉग उभा करताना

नवख्यांनी गूगलचं ब्लॉगर वापरावं असं मी सुचवेन. ते फुकट आहे, फोनवरून चालतं आणि आपण सुरू केल्याशिवाय त्यावर जाहिराती येत नाहीत. वर्डप्रेसच्या फुकट योजनेत जाहिराती दिसतात आणि त्या मुलांच्या लेखनाशेजारी नकोत. ब्लॉगरवर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची सोय आहे, तिला हात लावू नका.

स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवरून ब्लॉग काढू नका. वर्गासाठी वेगळं खातं उघडा आणि मुख्याध्यापकांना किंवा सहशिक्षकांना दुसरे व्यवस्थापक म्हणून जोडा. मुलांची खाती उघडायची गरजच नाही. १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःहून गूगल खातं काढताही येत नाही. लेख तुम्हीच टाकणार, खाली नाव मुलाचं.

सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी पाहा. शोधयंत्रांना ब्लॉग दिसावा की नाही, तिथे ‘नाही’ ठेवा. मग ज्यांना तुम्ही दुवा पाठवाल तेच साधारणपणे येतील. प्रतिक्रिया कोण देऊ शकतं, तिथे ‘कोणीही’ ठेवा, कारण खातं नसलेल्या मुलांना आणि आजी-आजोबांनाही लिहिता आलं पाहिजे. आणि प्रतिक्रिया तपासण्याची सोय ‘नेहमी’वर ठेवा. ही तिसरी सेटिंग लागल्याची खात्री झाल्याशिवाय दुवा कुणालाही पाठवू नका. ब्लॉग फक्त निवडक वाचकांना दिसेल अशीही सोय आहे. मात्र तिथे प्रत्येक वाचकाला ईमेलने बोलवावं लागतं आणि खात्याने आत यावं लागतं. गावाकडच्या बहुतेक पालकांची त्यात दमछाक होते.

फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवण्याची सोय बंद करा. आणि मुलं कुठे, किती वाजता जमणार आहेत हे ब्लॉगवर कधीच आधी लिहू नका. सहलीचं वर्णन परत आल्यावर.

पहिला महिना कागदावर

ब्लॉग तयार झाला की लगेच लेख टाकायचा मोह होतो. तो आवरा. पहिले चार आठवडे सगळं कागदावर करा. प्रत्येक मूल एका कोऱ्या पानावर आठ-दहा ओळी लिहील, ती पानं बाकांवर मांडली जातील, बाकीची मुलं फिरून वाचतील आणि छोट्या चिठ्ठीवर प्रतिक्रिया लिहून पानाला चिकटवतील. इथेच मुलं खरं शिकतात, कारण ब्लॉग जिवंत राहतो तो प्रतिक्रियांवर आणि प्रतिक्रिया लिहिणं शिकवावं लागतं.

पहिल्या दिवशी चिठ्ठ्यांवर काय असेल ते आधीच सांगता येतं: ‘छान’, ‘खूप छान’, ‘मस्त लिहिलंस’. या चिठ्ठ्या फेकू नका. त्या लिहिणाऱ्याच्या हातात द्या आणि विचारा, यावरून तुझ्या लेखातलं काय आवडलं ते कळलं का? मुलं स्वतःच म्हणतात, नाही. मग नियम द्या. प्रतिक्रियेत तीन गोष्टी हव्यात: लेखातली एखादी नेमकी जागा, त्यावरून आठवलेलं स्वतःचं काही आणि ज्याचं उत्तर लेखात नाही असा एक प्रश्न.

समजा, सहावीतल्या एका मुलाने पोळ्यावर लिहिलं. पहिला खर्डा असा: “पोळा हा शेतकऱ्यांचा महत्त्वाचा सण आहे. या दिवशी बैलांना सजवतात. बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे.” यात चूक काहीच नाही, पण हे राज्यातल्या कुठल्याही मुलाने लिहिलेलं असू शकतं. त्याला एवढंच विचारा: यंदा तुमच्या घरी काय झालं? तो सांगेल: “आमचे बैल मागच्या वर्षी विकले. आजोबांनी ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं. पुरणपोळी मातीच्या बैलांपुढे ठेवली. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.” हे लिहू द्या, एवढंच. मग चिठ्ठी येते: “ट्रॅक्टरला हळदकुंकू लावल्याचं वाचून मला आमच्या दसऱ्याची आठवण झाली, आम्ही मोटारसायकलची पूजा करतो. तुमचे बैल कोणाला विकले? आजोबा का जेवले नाहीत?” आता त्या मुलाला घरी जाऊन आजोबांना विचारावं लागतं. दुसरा लेख तिथून जन्माला येतो आणि तो लिहायला सांगणारा शिक्षक नसतो.

आठवड्याचं वेळापत्रक

चाळीसचा पट असेल तर प्रत्येक आठवड्याला सगळ्यांचे लेख टाकणं अशक्य आहे आणि तसं करूही नये. आठ-आठ मुलांचे पाच गट करा. एका आठवड्याला एकाच गटाचे लेख लागतील, बाकीचे बत्तीस जण वाचक. म्हणजे प्रत्येक मुलाची पाळी पाच आठवड्यांनी येईल आणि त्याला विचार करायला, खर्डा बदलायला वेळ मिळेल. मराठीची एक तासिका यासाठी राखून ठेवली तर पुरते. एक-दोन दिवशी परिपाठात एखादा लेख मोठ्याने वाचता येतो.

बहुवर्ग शिक्षकांना तर हे सोयीचं पडतं. एका इयत्तेला तुम्ही शिकवत असताना दुसरी इयत्ता लेख वाचून चिठ्ठ्या लिहू शकते.

टाइप करणं

शाळेत एकच फोन किंवा एकच संगणक असला तरी अडत नाही. जीबोर्ड या गूगलच्या फोनवरच्या कळफलकावर मराठी तीन तऱ्हांनी लिहिता येतं: कळा दाबून, बोटाने अक्षरं गिरवून किंवा बोलून. आयआयटी मुंबईने तयार केलेला स्वरचक्र हा कळफलकही मुलांना पटकन जमतो, कारण व्यंजनावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी भोवती उमलते.

बोलून टाइप करणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं, पण वेग हे त्याचं कारण नाही. मुलाला स्वतःचा खर्डा स्पष्ट मोठ्याने वाचावा लागतो आणि वाचता वाचता गाळलेला शब्द, लांबलेलं वाक्य त्याचं त्यालाच ऐकू येतं. विरामचिन्हं मात्र बहुधा हाताने घालावी लागतात. तेवढ्यात पूर्णविराम कुठे येतो याचा चांगला पाठ होऊन जातो. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘ॲप’, ‘बॅट’ अशा शब्दांवर एकदा नजर फिरवायला सांगा. टाइप करताना यांचीच रूपं बिघडतात. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला तर नुसती विचित्र चिन्हं दिसतात, म्हणून सुरुवातीपासून युनिकोडच, म्हणजे कुठल्याही फोनवर, संगणकावर सारखीच दिसणारी अक्षरं.

टाइप करायला दर आठवड्याला दोन-तीन मुलांची जोडगोळी नेमा. पण नेहमी तीच हुशार मुलं नकोत.

किती सुधारायचं

इथे शिक्षकाचा हात सगळ्यात जास्त शिवशिवतो. गावाची अब्रू, शाळेचं नाव, साहेब बघतील, हे सगळं मनात येतं आणि लेख आपण लिहिल्यासारखा गुळगुळीत होतो. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. माझं मत ठाम आहे: वाक्यरचना मुलाची राहू द्या, शुद्धलेखनाच्या चुका मुलाकडून दुरुस्त करून घ्या, त्याही एका वेळी एकाच प्रकारच्या. या लेखात फक्त अनुस्वार. पुढच्या वेळी ऱ्हस्व-दीर्घ.

आणि बोली. मुलाने “माह्या आजीनं सांगतलं” असं लिहिलं तर त्याचं ‘माझ्या आजीने सांगितले’ करू नका. माणसं जे बोलली ते अवतरणात त्यांच्याच बोलीत असावं. निवेदनही बोलीत करायचं असेल तर मुलाला करू द्या. प्रमाण मराठीत लिहिण्यासाठी बाकीचे विषय आणि परीक्षा आहेतच. घरी अहिराणी, वऱ्हाडी, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी हा ब्लॉग कदाचित अशी पहिली जागा असेल, जिथे घरची भाषा छापलेली दिसते. लेखाखाली दहा-बारा शब्दांचे अर्थ त्याच मुलाकडून लिहून घ्या. दुसऱ्या जिल्ह्यातली मुलं सगळ्यात जास्त प्रश्न त्या शब्दांवरच विचारतात.

गाइडमधून, एखाद्या संकेतस्थळावरून किंवा चॅटजीपीटीकडून उतरवलेला लेख आला तर चिडू नका. मुलासमोर बसा आणि लेखातल्या एका वाक्यावर तीन प्रश्न विचारा. स्वतःचं असेल तर तो सांगेल आणि तसं नसेल तर उत्तरांमधूनच नवा लेख सुरू होईल. दुसऱ्यांच्या कविता ब्लॉगवर टाकतानाही सांभाळा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो आणि पाठ्यपुस्तकातली पानं फोटो काढून टाकण्यासाठी नसतात. चित्रं मुलांनी काढलेली असली की हा प्रश्नच येत नाही आणि ती दिसतातही जास्त सुंदर.

वाचक कुठून आणायचे

दुवा पाठवून वाट बघत बसलं तर कोणी येत नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पूर्ण ब्लॉगचा दुवा टाकण्याऐवजी एकाच लेखाचा टाका आणि सोबत एक प्रश्न लिहा: ‘तुमच्या लहानपणी पोळा कसा व्हायचा?’ प्रतिक्रिया मग येतात.

पण खरी रंगत दुसऱ्या वर्गाशी जोडी जमवण्यात आहे. इंग्लंडमधल्या बोल्टन शहरातले शिक्षक डेव्हिड मिचेल यांनी ‘क्वाडब्लॉगिंग’ नावाची पद्धत रुजवली: चार शाळांचा एक गट, दर आठवड्याला एका शाळेच्या ब्लॉगची पाळी आणि बाकीच्या तीन शाळांनी तिथे जाऊन वाचायचं, लिहायचं. चार आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. हे आपल्याकडे एका केंद्रातल्या चार शाळांनीही जमेल, पण शाळा जितक्या वेगळ्या तितकी मजा जास्त. कोकणातला वर्ग आणि मराठवाड्यातला वर्ग यांनी एकाच आठवड्यात ‘आमच्याकडे पाणी कुठून येतं’ यावर लिहिलं, तर भूगोलाच्या पुस्तकातलं पर्जन्यमान दोन्ही वर्गांना उलगडतं. गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेशी जोडी जमली तर घरी कोकणी आणि शाळेत मराठी हा अनुभव ऐकायला मिळेल. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात. तिथल्या मुलांना आपल्या वयाच्या मुलांनी लिहिलेली सोपी, जिवंत मराठी हवीच असते. तिकडे रात्र असली तरी प्रतिक्रिया सकाळी वाचता येते, हा व्हिडिओ कॉलपेक्षा मोठा फायदा.

ज्या घरी फोन नाही, तिथे ब्लॉग कागदावरून पोचवा. आठवड्याचे आठ लेख आणि निवडक प्रतिक्रिया छापून वर्गाबाहेर लावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर जागा मिळाली तर तिथेही.

एखादी टोचणारी प्रतिक्रिया येणारच. ती प्रसिद्ध करू नका, पण गुपचूप पुसूनही टाकू नका. लिहिणाऱ्याचं नाव झाकून ती वर्गात वाचा आणि हेच म्हणणं न दुखावता कसं लिहिता येईल ते मुलांकडून लिहून घ्या.

गुण नकोत, नोंदी हव्यात

ब्लॉगवरच्या लेखाला गुण दिले, की तो पुन्हा निबंध झाला. मात्र आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनासाठी इथे उत्तम पुरावा जमतो. जूनमधला लेख आणि जानेवारीतला लेख शेजारी ठेवा. ‘लेखन कौशल्यात प्रगती आहे’ अशा ठोकळेबाज नोंदीऐवजी मग असं लिहिता येतं: “पहिल्या लेखात तीन वाक्यं होती. आता घडलेला प्रसंग क्रमाने सांगते, माणसांचं बोलणं अवतरणात लिहिते. वाचकांच्या प्रश्नांवरून लेखात दोनदा भर घातली.” लेखांना मुलांच्या नावाची लेबलं लावून ठेवलीत तर एका मुलाचं वर्षभराचं लेखन एका टिचकीत समोर येतं.

वर्ष संपताना

एप्रिलमध्ये तीन कामं करा. सेटिंग्जमधून ब्लॉगचा बॅकअप उतरवून शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. प्रत्येक मुलाचे लेख प्रतिक्रियांसह छापून त्याला घरी द्या, कारण ते त्याचे आहेत. आणि मुलांना विचारा, पुढच्या वर्गाने हे वाचलेलं चालेल का? ज्याला नको असेल त्याचे लेख उतरवा, कारण न विचारता.

तुमची बदली होणार असेल तर वर्गाचं खातं सोबत नेऊ नका. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या, खात्याला जोडलेला तुमचा फोन नंबर काढून शाळेचा घाला आणि नव्या शिक्षकांना जोडीच्या वर्गातल्या शिक्षकांशी बोलून द्या, म्हणजे जूनमध्ये पहिली चिठ्ठी कोणाला लिहायची ते त्यांना माहीत असेल.